हृदयरुग्णांसाठी मॅरेथॉन : निधी कसा उभारायचा आणि तो कशावर खर्च व्हायला हवा

दरवर्षी जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी पहाटे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून हजारो माणसे धावायला सुटतात. त्यातल्या अनेकांच्या टी-शर्टवर एखाद्या संस्थेचे नाव असते. कुणी कर्करोगग्रस्तांसाठी, कुणी अंध मुलांच्या शाळेसाठी, तर कुणी जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या बाळांच्या उपचारासाठी पैसे जमवून धावत असते. आपल्या वस्त्यांमध्येही आता धावणारी मुले-मुली कमी नाहीत. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर जाणारे गावोगाव दिसतात. त्यांच्यापैकी काही जण आम्हाला विचारतात, ‘आपल्यालाही एखाद्या आजारी मुलासाठी धावून निधी उभा करता येईल का?’

येईल. पण त्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च महाराष्ट्रात बऱ्याच अंशी सरकारी योजनांतून आणि कायद्याने मिळतो. तो हक्क न वापरता वर्गणी काढली, तर सरकारची आणि धर्मादाय रुग्णालयांची जबाबदारी आपण गरिबांच्याच खिशातून भागवतो. धावून जमवलेला पैसा जिथे कोणतीही योजना पोहोचत नाही तिथे गेला पाहिजे. हा निधी कसा उभारायचा, कुठे द्यायचा, कोणते नियम पाळायचे आणि धावताना स्वतःचे हृदय कसे सांभाळायचे, याची माहिती एकत्र मिळावी म्हणून हा लेख आहे.

ही पद्धत आली कुठून?

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ४२.१९५ झाले आणि १९२१ मध्ये तेच अधिकृत ठरले.

धावण्याला निधीसंकलनाची जोड मोठ्या प्रमाणावर मिळाली ती लंडनमध्ये. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी २९ मार्च १९८१ रोजी पहिली लंडन मॅरेथॉन भरवली. तिथे संस्था शर्यतीतल्या काही जागा विकत घेतात आणि ठरावीक रक्कम जमवण्याचे वचन देणाऱ्या धावपटूंना त्या देतात. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी असे अनेक लोक धावतात आणि तो पैसा प्रामुख्याने हृदयरोगांवरच्या संशोधनाला जातो. २०२५ च्या लंडन मॅरेथॉनमधून सगळ्या संस्थांसाठी मिळून ८ कोटी ७३ लाख पौंड जमले. एका दिवसाच्या कार्यक्रमातून जमलेल्या निधीचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

धावणाऱ्याला पाहून लोक पैसे का देतात, याचाही अभ्यास झाला आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले, की एखाद्या कामासाठी कष्ट आणि वेदना सोसाव्या लागणार असतील तर माणसे त्यासाठी जास्त द्यायला तयार होतात. ४२ किलोमीटर धावणारा माणूस आपल्या शब्दाला अंगमेहनतीचे तारण ठेवतो. म्हणून त्याच्या मागणीला वजन येते.

मुंबई मॅरेथॉनमध्ये पैसा कसा फिरतो?

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिचे आयोजन प्रोकॅम इंटरनॅशनल ही कंपनी करते. आधी स्टँडर्ड चार्टर्ड बँक आणि २०१८ पासून टाटा समूह मुख्य प्रायोजक आहे. निधीसंकलनाचे काम सुरुवातीला गिव्ह इंडियाकडे होते, २००९ पासून ते युनायटेड वे मुंबई पाहते.

व्यवस्था अशी असते. सामाजिक संस्था युनायटेड वेकडे नोंदणी करतात. धावणारा माणूस त्यांतली एक संस्था निवडतो आणि तिच्यासाठी ऑनलाइन पान उघडतो. देणगीदार त्या पानावर पैसे भरतो, त्याला पावती मिळते आणि सेवाशुल्क वजा होऊन रक्कम संस्थेच्या खात्यात जाते. धावणाऱ्याच्या हातात पैसा येतच नाही. यामुळे हिशोबाचे भांडण टळते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. संस्थांकडे काही राखीव बिबही असतात. बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक. सर्वसाधारण नोंदणी भरली तरी संस्थेच्या बिबवर धावता येते, मात्र त्यासाठी संस्था किमान रक्कम जमवण्याची अट घालते. नियम आणि शुल्क दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमावली नीट वाचून मगच होकार द्यावा.

पूर्ण मॅरेथॉनच धावली पाहिजे असेही नाही. अर्धी मॅरेथॉन, १० किलोमीटर आणि ड्रीम रन अशा शर्यतीही त्याच दिवशी असतात आणि त्यांतूनही निधी उभारता येतो. देणारा माणूस किलोमीटर मोजत बसत नाही. तो मागणारा कोण आहे आणि पैसा कुठे जाणार आहे, एवढे पाहतो.

आपल्या वस्तीतले हृदयविकार

हृदयविकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीतला, छातीवर हात धरून बसलेला माणूस येतो. तो आजार आहेच. उलट दक्षिण आशियातल्या लोकांना तो लवकर गाठतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांचे पहिल्या झटक्याचे मध्यम वय ५३ निघाले. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह ही त्याची ओळखीची कारणे आहेत. पण मदतनिधीच्या दृष्टीने आणखी दोन आजार माहीत असायला हवेत.

पहिला, जन्मजात हृदयदोष. दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांना तो असतो. भारतात अशी २ लाखांहून अधिक बाळे दरवर्षी जन्माला येतात आणि त्यांतल्या अंदाजे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षातच उपचार लागतात असे मानले जाते. दूध पिताना दम लागणे आणि घाम फुटणे, वजन न वाढणे, वारंवार न्यूमोनिया होणे, ओठ आणि नखे निळी पडणे ही त्याची लक्षणे. घरात मात्र ‘बाळ अशक्त आहे’, ‘अंगी लागत नाही’ एवढेच बोलले जाते आणि महिने निघून जातात.

दुसरा आजार म्हणजे संधिवाताच्या तापातून होणारा झडपांचा विकार. डॉक्टर त्याला रुमॅटिक हार्ट डिसीज म्हणतात. त्याची सुरुवात साध्या घसादुखीपासून होते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे, बहुतेकदा ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा सुजतो. उपचार झाला नाही, तर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे एकामागून एक दुखतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडपा खराब राहतात. पुढे दहा-पंधरा वर्षांनी जिना चढताना दम लागतो. कित्येक मुलींचा आजार पहिल्या बाळंतपणात कळतो.

जगात या आजाराने दरवर्षी ३ लाखांहून अधिक माणसे मरतात. श्रीमंत देशांतून तो जवळपास नाहीसा झाला आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे झोपतात, हवा खेळत नाही आणि घसादुखीसाठी दवाखान्यात जायला मजुरी बुडवावी लागते, तिथे तो टिकून राहतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजार आणि घराची लांबी-रुंदी यांचा संबंध इतका स्पष्ट क्वचितच दिसतो. जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ मध्ये या आजाराविषयी स्वतंत्र ठराव केला. त्याचा प्रतिबंध महाग नाही. घसादुखीला वेळेवर पेनिसिलिन द्यायचे आणि एकदा आजार होऊन गेलेल्या मुलाला साधारण दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यायचे. मुले हरवतात ती इथे. दोन-चार इंजेक्शने होतात, मूल बरे दिसते, आणि फेऱ्या बंद होतात.

आधी हक्क

वस्तीत एखाद्या मुलाला शस्त्रक्रिया सांगितली की लगेच व्हॉट्सॲपवर फोटो आणि खातेक्रमांक फिरू लागतो. त्याआधी कार्यकर्त्याने पुढच्या पायऱ्या तपासाव्यात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा पथक येते. जन्मजात हृदयदोष आणि झडपांचा विकार हे दोन्ही आजार त्यात आहेत आणि पुढचा उपचार मोफत आहे. अंगणवाडीत नाव नसलेली, शाळा सुटलेली, स्थलांतरित मजुरांची मुले मात्र यातून निसटतात.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये ती वेगळ्या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना ती खुली केली आहे. हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. हेल्पलाइनचा क्रमांक १५५३८८ आहे.

धर्मादाय रुग्णालये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१एए नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाची मर्यादा निर्धन रुग्णांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. अनेक पंचतारांकित दिसणारी रुग्णालये या कायद्याखाली येतात, हे रुग्णाच्या नातेवाइकांना माहीत नसते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका आधी तयार ठेवा, म्हणजे प्रवेशाच्या वेळी धावाधाव होत नाही.

याशिवाय मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. केईएममध्ये १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण करून पाहिले होते. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया मोफत करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय नवी मुंबईत खारघरला आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

धोरणाचा एक निर्णय किती मोठे काम करतो, याचे उदाहरण स्टेंटचे आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी छापील किंमत सरासरी १ लाख २० हजारांच्या वर होती. दिल्ली उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेपासून हा प्रश्न पुढे आला होता. एका रुग्णामागे वाचणारे ९० हजार रुपये वर्गणीतून उभे करायला किती दारे ठोठवावी लागतील, हे ज्याने पावती पुस्तक हातात घेतले आहे त्याला सांगायला नको.

मग वर्गणी कशासाठी?

हक्काच्या सगळ्या वाटा तपासल्यावरही खर्च उरतो. वस्तीपातळीवर काम करताना आम्हाला दिसलेला हा खर्च असा आहे :

- निदानाआधीच्या तपासण्या, विशेषतः खासगीत करावी लागणारी टू-डी इको.
- जिल्ह्याच्या गावाहून मुंबई-पुण्याला वारंवार होणाऱ्या फेऱ्या.
- आई-वडिलांचा मुक्काम, जेवण आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी.
- कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला आयुष्यभर लागणारी रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि त्यासाठीची नियमित रक्ततपासणी.
- पेनिसिलिनच्या इंजेक्शनची तारीख लक्षात ठेवणारी, घरी जाऊन आठवण करणारी कार्यकर्ती आणि तिचे मानधन.

यातले काहीच छायाचित्रात शोभून दिसत नाही. ‘एका बाळाचे प्राण वाचवा’ म्हटले की लोक देतात, ‘चाळीस मुलांना तीन वर्षे इंजेक्शनला नेण्यासाठी बसभाडे द्या’ म्हटले की विचारात पडतात. तरीही हीच मागणी समजावून सांगावी असा आमचा आग्रह आहे. झडप खराब होऊ न देणे हे झडप बदलण्यापेक्षा स्वस्त आहे आणि त्या मुलाच्या दृष्टीने कितीतरी चांगले आहे. धावणाऱ्याला ते पटलेले असेल तर तो देणगीदारालाही पटवू शकतो.

संस्था कशी निवडावी?

नाव मोठे आहे म्हणून संस्था निवडू नये. पुढच्या गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर लेखी मागावे.

- धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आहे का?
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब पाहायला मिळतात का?
- रुग्णाची निवड कोण आणि कोणत्या निकषांवर करते?
- सरकारी योजना लागू होत असेल, तर संस्था ती आधी वापरते का? की योजनेत मोफत होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठीही देणगी घेते?
- पैसा थेट रुग्णालयाला जातो की कुटुंबाला?
- शस्त्रक्रियेनंतर पाठपुरावा किती वर्षे होतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर दुसरी संस्था शोधावी.

पैसे कसे जमवावेत?

या पद्धतीची एक अडचण मोकळेपणाने बोलली पाहिजे. ज्याच्या फोनमध्ये कंपनीतले पन्नास अधिकारी आहेत, त्याचे लाख रुपये एका ई-मेलवर जमतात. ज्याच्या फोनमध्ये नाक्यावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या मावश्या आणि कंत्राटी सफाई कामगार आहेत, त्याला तेवढ्याच कष्टात पाच हजारही जमत नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिओ ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात, ते हेच. म्हणून जमलेल्या रकमेवरून धावणाऱ्याची लायकी मोजू नये आणि कमी रक्कम जमली म्हणून कुणी खजील होऊ नये.

आपल्याकडे वेगळी ताकद आहे. जयंतीची वर्गणी घरोघर फिरून जमवायची, पावती फाडायची आणि नंतर फलकावर हिशोब लावायचा, हे आपल्या तरुणांना शिकवावे लागत नाही. तीच पद्धत इथे वापरता येते. किलोमीटरमागे ५ रुपये असा दर ठेवला, तर पूर्ण मॅरेथॉनचे साधारण २१० रुपये होतात. असे ३०० लोक मिळाले तर ६३,००० रुपये जमतात. ज्याला २१० जड जातात त्याने एका किलोमीटरचे ५ रुपये द्यावेत, त्याचेही नाव यादीत तेवढ्याच अक्षरात लिहावे. नोकरदार मंडळी, शिक्षक, बँक आणि रेल्वेतले कर्मचारी, परदेशातले मित्र यांच्याकडे मात्र मोठ्या रकमेची मागणी स्पष्टपणे करावी. ‘जमेल तेवढे द्या’ म्हणण्यापेक्षा रक्कम आणि तिचे काम सांगितले की निर्णय लवकर होतो.

नियमांच्या बाबतीत चार गोष्टी पक्क्या ठेवा.

पहिली, पैसा शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात किंवा अधिकृत पानावरच जावा. वैयक्तिक यूपीआय क्रमांक फिरवू नये. मंडळाच्या नावाने जाहीर वर्गणी काढायची असेल, तर कलम ४१सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते.

दुसरी, ८०जी ची करसवलत जुन्या करपद्धतीत आहे, नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवरही ती मिळत नाही. देणगीदाराला खोटी आशा दाखवू नका.

तिसरी, परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी लागते. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आपला भाऊ यात येत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला मात्र येतो.

चौथी, धावण्याचा खर्च निधीतून करू नये. नोंदणीशुल्क, बूट, प्रवास हे सगळे स्वतःचे किंवा त्यासाठी वेगळे सांगून मिळवलेले असावे. तो खर्च जमणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होत असेल, तर शर्यतीचा हट्ट सोडून तेच पैसे थेट संस्थेला देणे अधिक प्रामाणिक आहे. वस्तीतच पाच किलोमीटरची धाव ठेवली तरी उद्देश साधतो.

रुग्ण हा जाहिरातीचा विषय नाही

रडणारी आई, नळ्या लावलेले बाळ, खाली आजाराचे नाव, गाव आणि जात-धर्म. अशी पोस्ट झपाट्याने फिरते. ते मूल बरे होते, मोठे होते, शाळेत जाते, आणि त्याचा तो फोटो इंटरनेटवर राहतो. मुलीच्या बाबतीत पुढे लग्नाच्या वेळी ‘हृदयाची आहे’ असे कुजबुजले जाते, हे वस्तीतल्या बायका आपल्याला सांगतील.

म्हणून मुलाचा चेहरा आणि नाव वापरू नये. पालकांनी परवानगी दिली तरी ती उपकाराच्या ओझ्याखाली दिलेली असू शकते, याचे भान ठेवावे. आजार काय, खर्च कुठे होणार, किती मुलांना उपयोग होणार, एवढ्यावर आवाहन उभे राहू शकते. चेहरा दाखवायचाच असेल तर धावणाऱ्याचा दाखवावा, तो स्वतःहून पुढे आलेला असतो.

धावणाऱ्याने स्वतःचे हृदय सांभाळावे

हृदयरुग्णांसाठी धावताना स्वतः धोक्यात जाणे कुणाच्याच हिताचे नाही. धोका मोठा नसतो, पण असतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या सुमारे १ कोटी ९ लाख मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावपटूंचा अभ्यास झाला. त्यांत ५९ जणांचे हृदय शर्यतीत बंद पडले, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांमागे एकाचे. त्यातले ४२ दगावले. मुंबई मॅरेथॉनमध्येही २०२४ साली दोन धावपटूंचा मृत्यू झाला.

घरात पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झालेला असेल, धावताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटून ईसीजी आणि त्यांनी सांगितलेल्या तपासण्या कराव्यात. ताप असताना किंवा तापातून नुकते उठल्यावर धावू नये.

पोलीस भरतीची १,६०० मीटरची धाव आणि मॅरेथॉन यांत फरक आहे. तिथे वेग लागतो, इथे दम टिकवावा लागतो. भरतीच्या सरावावर थेट ४२ किलोमीटर धावण्याचे धाडस करू नका. पहिल्या वर्षी १० किलोमीटर, नंतर अर्धी मॅरेथॉन आणि मग पूर्ण, हा क्रम बरा. आठवड्यातून चार दिवस धाव, त्यात एक लांब पल्ला, बाकी दिवस विश्रांती किंवा हलका व्यायाम. आठवड्याचे एकूण अंतर साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, असा ढोबळ नियम आहे. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणावे.

मुंबईची हवा जानेवारीतही दमट असते आणि ऊन लवकर चढते. परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना पेडर रोडचा चढ येतो. सुरुवातीला गर्दीच्या नादात जोरात पळणारे तिथे बसतात. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तहान नसताना पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम उतरून जीव धोक्यात येऊ शकतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. छातीत दाब, खूप चक्कर, थंड घाम जाणवला तर तिथेच थांबावे. देणगीदाराने पैसे तुमच्या प्रयत्नाला दिलेले असतात, शर्यत अर्धवट राहिली तरी ते परत मागत नाही.

मुलींनी पहाटेच्या अंधारात एकटीने धावणे आपल्या रस्त्यांवर सोपे नाही. गट करून, ठरलेल्या मैदानावर सराव ठेवला तर घरचेही पाठवतात.

वेळापत्रक कसे आखावे?

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. त्या दिवसापासून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत साडेपंधरा आठवड्यांच्या आसपास मिळतात. आधीपासून नियमित धावणाऱ्याला हा काळ पुरतो, अगदी नव्याने सुरू करणाऱ्याला नाही. शर्यतीची नोंदणी त्याच्या बरीच आधी उघडते, त्यामुळे संस्था पावसाळ्यातच निवडून ठेवावी. सप्टेंबर अखेरीस विहारात किंवा समाजमंदिरात बैठक घेऊन मोहीम जाहीर करावी. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास माणसे एकत्र येतात, तेव्हा आवाहन करता येते. डिसेंबरचा पहिला आठवडा सरावातून मोकळा ठेवा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर सेवा देणाऱ्या कार्यकर्त्यांना दोन-तीन रात्री झोप नसते आणि त्या अवस्थेत लांब पल्ला धावणे धोक्याचे आहे. सर्वांत लांब धाव त्यानंतर, डिसेंबरच्या मध्यावर ठेवता येते.

मोहिमेच्या काळात एक गोष्ट बिनपैशात होते. वस्तीतल्या वीस-पंचवीस जणांना सीपीआर शिकवावे. माणूस कोसळला, प्रतिसाद देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. प्रशिक्षण जाणकाराकडूनच घ्यावे. अरुंद गल्लीत रुग्णवाहिका शिरायला वेळ लागतो, तेवढा वेळ हे हातच हृदयाचे काम करतात.

शर्यत संपल्यावर

पदकासोबतचा फोटो त्याच दिवशी टाकला जातो. हिशोबही महिनाभरात टाकावा. एकूण किती जमले, किती जणांनी दिले, सेवाशुल्क किती गेले, संस्थेकडे किती पोहोचले. सहा महिन्यांनी संस्थेला विचारून त्यातून काय झाले तेही देणाऱ्यांना कळवावे. पाच रुपये देणाऱ्या मावशीलाही ते तोंडी जाऊन सांगावे.

आणि मोहिमेत हाती आलेली दुसरी माहिती जपून ठेवावी. किती मुलांची तपासणीच झाली नव्हती, कोणत्या रुग्णालयाने निर्धन रुग्णाला खाट नाकारली, कोणत्या आरोग्य केंद्रात पेनिसिलिनचे इंजेक्शन शिल्लक नव्हते. ही यादी जिल्हा आरोग्य अधिकारी, धर्मादाय आयुक्त आणि लोकप्रतिनिधी यांच्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. निधीतून यंदाच्या मुलांचे बसभाडे निघेल. पुढच्या वर्षी त्याच खर्चासाठी पुन्हा वर्गणी काढावी लागते की नाही, हे त्या अर्जाच्या पाठपुराव्यावर ठरेल.